सात सोडून

"बाई, काहीच न्हाई मोजलं तरी सात भरत्यात," पारू म्हणाली.

मी फळ्यावर 'मापन' असं मोठ्या अक्षरात लिहीत होते. वळून पाहिलं. इयत्ता तिसरीतली पारू नाईक माझ्या टेबलावर वर्गाची मीटरपट्टी ठेवून ओणवी झाली होती. पट्टीशेजारी काहीही नव्हतं. पेन्सिल नाही, खडू नाही. ती अत्यंत काळजीपूर्वक काहीच मोजत नव्हती.

"काय मोजतेस?"

"काहीच न्हाई."

"मग सात कुठून आले?"

"तेच तर तुमास्नी इचारतोय."

आमची शाळा दोनशिक्षकी होती. तुरंबेकर गुरुजी मुख्याध्यापक आणि मी उरलेला सगळा स्टाफ. मीटरपट्टी एकच, लाकडी, आणि ती मोजण्यासाठी आहे हे मी येईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गुरुजी ती टेबलावर आपटायला वापरत. पोरांवर त्यांनी जन्मात हात उगारला नाही. जे काही उगारलं ते टेबलावर. वर्गात गलका झाला की फाट्, आणि शांतता. अशा बऱ्याच वर्षांच्या शांततेत पट्टीची पहिली सात सेंटिमीटर खर्ची पडली होती. कुठल्याशा पाढ्याच्या वेळी तो तुकडा खिडकीतून बाहेर गेला, असं गुरुजी सांगत. तो परत आला नाही. तेव्हापासून आमच्या शाळेत लांबीची सुरुवात सातपासून होत असे.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि पहिलीच नेमणूक असल्यामुळे मला राग लवकर यायचा. मी तडक ऑफिसात गेले. म्हणजे वर्गाच्याच दुसऱ्या कोपऱ्यात.

"गुरुजी, नवी मीटरपट्टी हवी. ही मोडकी आहे."

"मोडकी न्हाई, शिरगावेबाई," गुरुजी शांतपणे म्हणाले. "जरा पुढनं सुरू होती, एवढंच."

मी रविवारी गडहिंग्लजहून स्वतःच पट्टी आणायचं ठरवलं. पण रविवार यायच्या आत पारूने घोटाळा केला. तिने खिचडीच्या डब्यातले मटकीचे दाणे आणले आणि पट्टीवर दोन-दोन रेघांच्या मधे एकेक मांडला.

"बाई, सातपासनं अकरापतुर रेघा पाच हाईत. पण दाणे चारच बसले."

"मग?"

"मग रेघा न्हाई मोजायच्या. मधली जागा मोजायची. कुठनं बी सुरू करू दे."

मी डी.एड.ला हे एका अख्ख्या प्रकरणात शिकले होते आणि पेपरात त्याचं उत्तर चुकवलं होतं. मी खडू खाली ठेवला. नवी पट्टी आणायचा बेत तिथेच रद्द केला.

त्या आठवड्यात तिसरीने मिळेल ते मोजलं. टेबल, दरवाजा, गुरुजींची चप्पल, गुरुजी आत असताना. एकाने आकडा सांगायचा, बाकीच्यांनी ओरडायचं, "सात सोडून?" आणि मग त्याने खरं माप सांगायचं. वर्गाचा तो रिवाजच पडला. दुसऱ्या आठवड्यात प्रकरण हाताबाहेर गेलं. मी हजेरी घेऊन "एकोणीस हजर" म्हटलं की मागून कोरस यायचा, "सात सोडून?" पोरं किराणा दुकानदाराला तागडी आपटून विचारू लागली की तुझी तागडी कितीपासून सुरू होते. त्याला घाम फुटला, त्यामागे त्याची स्वतःची कारणं असावीत.

मग पारूची आई शाळेत आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाई, काय शिकवालाय तुम्ही पोरीस्नी?"

"काय झालं?"

"काल पावनं आलं हुतं. हिला वय इचारलं. तर म्हणती, सात सोडून एक!"

"मग बरोबर आहे की. आठ वर्षांची आहे ती."

त्या माउलीने बोटांवर हिशोब केला, पुन्हा केला, आणि "असं व्हय," म्हणून निघून गेली. जाताना दाराशी थबकून तिने आपलं वयही तसंच मोजलं असावं, कारण ती बरीच खूश दिसली.

आता ढालीबद्दल सांगायला हवं.

गुरुजींच्या कपाटाला काच होती. आत चार कप्पे. तीन कप्प्यांत शाळा भरलेली आणि एक रिकामा. दर शनिवारी गुरुजी तो रिकामा कप्पा फडक्याने पुसत. मी आले त्या वर्षी विचारलं, "इथे काय ठेवायचंय?"

"ढाल," गुरुजी म्हणाले.

केंद्रातल्या शाळांच्या क्रीडास्पर्धा दर डिसेंबरात होत. लांब उडीत पहिली येणाऱ्या मुलीच्या शाळेला पितळी ढाल मिळे. आमच्या शाळेला आजवर एकच बक्षीस मिळालं होतं, उत्कृष्ट शिस्तीचं. त्या वर्षी टेंपोच्या प्रवासात आमच्या सगळ्या पोरांना उलट्या झाल्या होत्या आणि दिवसभर ती एका ओळीत निपचित बसून राहिली होती. ते बक्षीसही टाळ्यांच्या स्वरूपात होतं. टाळ्या कपाटात ठेवता येत नाहीत.

पारू तिसरीत होती त्याच वर्षी गुरुजी निवृत्त होणार होते. मे महिन्यात अठ्ठावन्न पुरी. म्हणजे ही त्यांची शेवटची स्पर्धा. आणि त्याच वर्षी आमच्याकडे कस्तुरी होती.

कस्तुरी गावडे, चौथी. तिचं घर ओढ्यापलीकडे. ओढ्यावर साकव होता, पण ती तो वापरत नसे. साकव म्हाताऱ्यांसाठी असतो असं तिचं मत होतं. रोज सकाळी दप्तरासकट ओढा ओलांडून ती शाळेत यायची आणि फ्रॉक कोरडा असायचा.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी गुरुजींनी पारूला कपाटाजवळ बोलावलं.

"कप्प्याची उंची सांग."

पारूने पट्टी उभी धरली. "एकोणचाळीस."

"सात सोडून?" गुरुजींनीच विचारलं. तेही बिघडले होते.

"बत्तीस."

"ढाल तीस हाय. गेल्या साली मी वितीनं मोजून आलोय." त्यांनी काच लावली. "बसती."

स्पर्धा केंद्रशाळेच्या मैदानावर होती. आम्ही तिसरी-चौथी अख्खी टेंपोत घालून नेली. लांब उडीच्या खड्ड्यात नवी वाळू टाकली होती, आणि त्या वाळूत केंद्रशाळेचं कुत्रं झोपलं होतं. पंच सनगर सर. त्यांच्या गळ्यात शिट्टी आणि हातात चामड्याच्या डबीतला जुना कापडी टेप. प्रत्येक उडीआधी ते कुत्र्याला शिट्टी मारून उठवत. उडी झाली, मोजली, की कुत्रं पुन्हा येऊन झोपे. प्रत्येकीला तीन उड्या, म्हणजे सकाळपासून किती वेळा त्याला अंथरुणातून उठवलं असेल याचा हिशोब फक्त कुत्र्याकडे होता.

केंद्रशाळेची समृद्धी भादवणकर सगळ्यांत पुढे होती. तिच्या बुटांत दिवे लागत. तीन मीटर चार सेंटिमीटर. कस्तुरीची चांगली उडी दोन मीटर एक्क्याण्णव. ती अनवाणी होती. सगळ्यांच्या उड्या संपल्या आणि शेवटची एक उरली, कस्तुरीची.

गुरुजी माझ्या शेजारी उभे होते. त्यांचं लक्ष खड्ड्याकडे नव्हतं. मांडवातल्या टेबलावर ढाल ठेवली होती, तिकडे होतं.

सनगर सरांनी टेप वाळूत टाकला आणि कुत्र्याला उठवायला शिट्टी मारली. कुत्रं उठलं. त्याने सरांकडे पाहिलं, टेपचं टोक तोंडात धरलं आणि चालू लागलं.

"ए! सोड! सोड म्हणतो न्हवं!"

सरांनी डबीकडून ओढलं, कुत्र्याने टोकाकडून. टेप आमच्या गुरुजींच्या वयाचा होता. चर्र झालं. सर मागे वाळूत बसले आणि कुत्रं आपला वाटा घेऊन जिलेबीच्या कढईमागे गेलं. सरांनी कपडे झटकले, उरलेला टेप बाहेर खेचून पाहिला.

"चालतंय. भरपूर उरलाय. चला, शेवटची!"

मांडवात जिलेबी तयार होती. प्रमुख पाहुण्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं होतं. कस्तुरी धावत आली, फळीवर पाय पडला, आणि ती ओढा ओलांडावा तशी गेली. वाळू उडाली. सरांनी टेपचं टोक टाचेच्या खुणेवर धरलं, फळीपर्यंत आणलं आणि वाचलं.

"तीन मीटर बारा!"

गुरुजींनी टोपी वर उडवली. टोपी खाली आली तेव्हा गुरुजी तिथे नव्हते. ते चौथीच्या पोरांबरोबर नाचत होते. मी कुणाला तरी मिठी मारली. नंतर कळलं ते केंद्रशाळेचे शिक्षक होते. कस्तुरी वाळूतच उभी राहून दोन्ही हात वर करून फिरत होती.

मग माझ्या लक्षात आलं की आमची तिसरी ओरडत नाहीये. सगळी ओळीत उभी होती, उत्कृष्ट शिस्तीत, आणि एकमेकांकडे बघत होती.

"काय रे? जिंकलो की आपण!"

"बाई," एक जण पुटपुटला, "किती सोडून?"

पारू ओळीत नव्हती. ती कढईमागे होती. कुत्र्याशी तिचं बोलणं चाललेलं दिसत होतं. आचाऱ्याची नजर चुकवून तिने एक जिलेबी उचलली, कुत्र्यापुढे धरली, व्यवहार झाला. ती धावत आली ती थेट गुरुजींकडे.

"गुरुजी, चौदा."

"काय चौदा?" गुरुजी अजून हसत होते.

"सोडायचे ऱ्हायले."

तिने तळहात उघडला. टेपचा तुकडा, ओला, दातांच्या खुणांसकट. एका टोकाला पितळी कडी, दुसऱ्या टोकाला फाटलेल्या धाग्यांपाशी चौदाची रेघ. आणि कडीजवळ, शाबूत, शून्य. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी शून्य तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ती माना वाकवून बघत राहिली.

गुरुजींचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण त्यातून ते निघून गेले होते.

"बाई," ते हळू म्हणाले, "तीनशे बारातनं चौदा?"

"दोनशे अठ्ठ्याण्णव."

"त्या बुटातल्या पोरीची तीनशे चार न्हवं? का तीनशेला काय कमी हुती?"

"तीनशे चारच होती, गुरुजी."

"नक्की?"

"नक्की."

गुरुजींनी एकदा मांडवाकडे पाहिलं. मग टोपी शोधली, झटकली, डोक्यावर नीट बसवली. लग्नाला निघाल्यासारखी. पारूचा हात धरला.

"चल."

मीही मागोमाग गेले. केंद्रप्रमुख घाटगे साहेब निकाल जाहीर करायला माईकपाशी उभे होते.

"साहेब, थांबा. ह्या पोरीची हरकत हाय."

सनगर सर वैतागले. "गुरुजी, तुम्हाला काय हरकत? तुमचीच पोरगी जिंकलीय."

"मला कुठं हाय? हिला हाय."

"ही कुणाच्या शाळेची?"

"आमच्याच."

साहेबांनी माईकवर हात ठेवला. "म्हणजे तुमची पोरगी तुमच्याच पोरीविरुद्ध हरकत घेतेय?"

"तिलाच इचारा."

पारू साहेबांच्या पोटापर्यंत येत होती. तिने मान वर केली.

"सायेब, काहीच न्हाई उडी मारली तरी चौदा भरत्यात."

"म्हणजे?"

"या, दावतो."

आणि ती निघाली. एका अधिकाऱ्याला तिसरीतल्या पोरीने "या" म्हटल्यावर काय करायचं याचं परिपत्रक नसल्यामुळे साहेब तिच्यामागे गेले. पारूने त्यांना फळीवर उभं केलं.

"उडी मारू नकासा."

"नाही मारत."

"आता सर, मोजा ह्यांची उडी."

सनगर सरांनी फाटलेलं टोक साहेबांच्या टाचेशी धरलं, टेप तिथल्या तिथेच, फळीच्या कडेला. तिथे जो आकडा होता तो त्यांनी वाचला.

"चौदा."

अशा रीतीने घाटगे साहेबांनी जागेवरून न हलता चौदा सेंटिमीटर लांब उडी मारली. टाळ्या वाजवायला कुणीतरी सुरुवात केली आणि थांबवली.

साहेबांनी वाकून टेपचं टोक स्वतः पाहिलं. मग म्हणाले, "इतक्या शाळांची पोरं इथं उभी आहेत. मास्तर उभे आहेत. मी उभा आहे. कुणाला दिसलं नाही. हे कुणी शिकवलं हिला?"

"गुरुजींनी," मी म्हणाले.

"कसं?"

"टेबलावर."

माईकवरून समृद्धी भादवणकरचं नाव जाहीर झालं. ढाल केंद्रशाळेची होती ती केंद्रशाळेतच राहिली. तिला मांडवातून ऑफिसात जायचं तेवढं अंतर पडलं. आणि तेव्हा मला कस्तुरी दिसली. ती अजून खड्ड्याजवळच होती. पायांना वाळू. या सगळ्यात तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

परतीच्या टेंपोत पोरं निपचित बसली होती. उलट्याही झाल्या नाहीत. कस्तुरी फाळक्याला टेकून बाहेर बघत बसली होती. पारू तिच्यासमोर, मुठीत तो तुकडा.

"तू लई शाणी हाईस," कस्तुरी शेवटी म्हणाली. बाहेरच बघत. "जिलेबी कुत्र्याला दिलीस. मला न्हाई."

"माझी बी त्यालाच दिली."

"तुझ्यामुळं हारलो आपण."

पारूने तुकड्याभोवतीची मूठ घट्ट आवळली. मी मधे पडायला तोंड उघडलं तर गुरुजींनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

टेंपो घाट उतरू लागला. कस्तुरी वळली.

"मग माझी खरी उडी किती?"

"दोन मीटर अठ्ठ्याण्णव."

"आधीची एक्क्याण्णव हुती."

"व्हय."

"म्हंजे किती वाढली?"

पारूने डोळे मिटून हिशोब केला. "सात."

आणि सवय वाईट असते. मागच्या बाकावरून तिसरीतल्या कुणीतरी, अगदी बारीक आवाजात, म्हटलंच.

"सात सोडून?"

टेंपोतली सगळी कस्तुरीकडे बघू लागली. कस्तुरी उठून उभी राहिली. टेंपो हलत होता, तिने वरचा दांडा धरला.

"ते सात न्हाई सोडायचे," ती म्हणाली. "ते माझे हाईत."

पारूने मान हलवली, अगदी गंभीरपणे, गणितात बरोबर उत्तर आलं की मी हलवते तशी. मग कस्तुरी तिच्या शेजारी जाऊन बसली. "बघू शून्य," म्हणाली.

शाळेपाशी उतरल्यावर गुरुजींनी पारूकडे हात पुढे केला. तिने तुकडा दिला. ते आत गेले. कपाट उघडलं, रिकाम्या कप्प्यावरून सवयीने फडकं फिरवलं आणि तो चघळलेला तुकडा मधोमध ठेवला. काच लावून दोन पावलं मागे सरले.

"बसला," ते म्हणाले.

मे महिन्यात सुट्टी असते म्हणून त्यांचा निरोप समारंभ एप्रिलमध्येच केला. वर्गात सतरंजी, दारात रांगोळी. घाटगे साहेब मुद्दाम आले होते. खुर्चीवर बसायच्या आधी ते काचेपाशी थबकले.

"गुरुजी, हे इथं...?"

"ढाल," गुरुजी म्हणाले.

साहेबांनी काचेतून पुन्हा एकदा पाहिलं. भाषणाला उभे राहिले तेव्हा आधी घसा साफ केला. "तुरंबेकर गुरुजी आता वयाची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण करीत आहेत..."

"सात सोडून?" सतरंजीवरून अख्ख्या शाळेचा कोरस आला.

पालक हसले. साहेब हसले. पारूची आई सगळ्यांत मोठ्याने हसली. मी तोंडावर पदर धरून जमिनीकडे बघत बसले. गुरुजी हसले नाहीत. ते उठले, पोरांसमोर येऊन उभे राहिले. समोरच्या रांगेत कस्तुरी आणि पारू एकमेकींना खेटून बसल्या होत्या. गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"न्हाई रे," ते म्हणाले. "ह्यातलं एक बी न्हाई सोडायचं. समदी माझी हाईत."

त्यावर असा गलका झाला, असा काही गलका झाला, की साहेबांचं पुढचं भाषण कुणालाच ऐकू येईना. गुरुजींनी टेबलावरची मीटरपट्टी उचलली आणि आयुष्यभराच्या सवयीने आपटली.

फाट्.

शांतता झाली. एक छोटा तुकडा टेबलावरून उडाला, सतरंजीवर दोनदा उसळला आणि पारूच्या मांडीत येऊन पडला. तिने तो उचलला. उरलेल्या पट्टीकडे मान वाकडी करून पाहिलं, तुकड्यावरच्या रेघांमधल्या जागा बोटाने मोजल्या.

"बाई," ती म्हणाली, "आता अकरा सोडायचे."